स्मरणपत्र

चिकुंबुत्सो. चिचेवा बोलीत या शब्दाचा अर्थ आठवण.
आधी गेलेल्या लेकीच्या मागं आईनं ठेवलेलं नाव.
लिलाँग्वेच्या कचेरीत वीज गेलेली असताना
ती तिसऱ्या स्मरणपत्राखाली ते लिहिते
आणि स्वतःशीच जराशी हसते.

विषय : सरोवरावरची रुग्णनौका.
इंजिन, स्ट्रेचर, प्राणवायूची नळकांडी, दोन दिवे,
सगळं कागदावर पोचलं, तपासलं, उतरवून घेतलं.
तीन सह्या. शिक्का किंचित तिरका.
नाव तेवढी आली नाही.
बेटावरच्या बायका अजून होडग्यात निजून येतात,
आभाळाकडं तोंड करून, कळा मोजत,
आणि वल्हेकरी म्हणत राहतो, आलंच, आलंच आता.

समुद्राएवढं सरोवर,
तरी पाणी कुठंतरी मुरतंच.
पैसा एका रात्रीत रीगाला पोचला होता,
ना व्हिसा, ना रांग.
तिच्या पत्राला अकरा महिने लागले.

मधे एकदा साहेबांनी खुर्ची जवळ ओढली.
मुलीच्या फीचं कसं चाललंय?
आवाजात लोणी.
हप्ते भरते, ती म्हणाली.
घेत नाही.

रीगात बर्फ. नोंदणी कार्यालयात विझ्मा.
तिच्या टेबलावर येईतो, दोन भाषांतरांत,
रुग्णनौकेचं झालेलं : जहाज, वैद्यकीय, नग एक.
'नोंद आढळते' एवढ्यावर भागलं असतं.
कुणी विचारलं नसतं.
पण जेवणाच्या सुट्टीत ती ट्रामनं त्या पत्त्यावर गेली.
खाली राईच्या पावाची भट्टी, वर तिसरा मजला,
कुलूप, आणि एक टपालपेटी,
वर्तमानपत्रसुद्धा दुमडल्याशिवाय मावणार नाही एवढी.
तीवर एक्केचाळीस कंपन्यांची नावं.
एवढ्याशा पेटीत
अख्खी नौका बुडालेली.

तिनं हातमोजा काढला, नावं उतरवून घेतली,
पेन गोठल्यावर पेन्सिलीनं.

फेब्रुवारीतलं ते उत्तर शिक्के खात खात
जूनच्या गारठ्यात लिलाँग्वेला आलं.
एका नावाखाली रेघ, पुढं खऱ्या मालकाचा पत्ता :
तेही एक बेटच, कुठल्या तरी तिसऱ्याच समुद्रातलं.
आणि समासात, कुठल्याच नियमात न बसणारी ओळ :
नौका अजून आली नाही का?

चिकुंबुत्सोनं ती दोनदा वाचली.
फाइलला लावताना
भोक जरा वर पाडलं, अक्षरं वाचतील असं.
मग कोरा कागद ओढला.
हे स्मरणपत्र नव्हे, त्या बेटाला पहिलंच पत्र.
महोदय, लिहिलं. थांबली.
आधी दुसरा कागद घेतला, छोटा,
रीगासाठी :
नाही. अजून नाही.