बारा वाजून दहा

ताळगावच्या पठारावर, तिसऱ्या मजल्यावर
माझ्या खोलीत पंखा चालत नाही, नेट चालतं.
शोशाम्मा कुरुविला कोचीहून उघडते तीच फाइल
जी मी उघडून बसलेली असते.
तिचा कर्सर हिरवा. माझा, का कोण जाणे, जांभळा.
चार वर्षं झाली.
मी तिला पाहिलंय ते छातीपर्यंतच,
चष्म्यात खिडकीचा चौकोन घेऊन बसलेली.
पण एक वाक्य ती किती वेळा खोडते
हे तिच्या नवऱ्यालाही ठाऊक नसेल.

तिच्याकडे पोक्काळी, माझ्याकडे कोरगूट.
खाऱ्या पाण्यात पाय रोवून उभे राहणारे दोन भात,
एकाच समुद्राचे शेजारी,
जे कधी एकमेकांच्या अंगणात गेले नाहीत.
आमच्या सरांनी एकदा पत्र धाडलं होतं तिकडे,
बियाणं मागवलं होतं.
उत्तर आलं तेव्हा सर निवृत्त झाले होते
आणि पुडीत टोके झाले होते.

आता नेवऱ्याच्या खाजनात एक काठी उभी आहे.
तिच्या पोटात सेन्सर, डोक्यावर वहीएवढं सौर पान.
दर दहा मिनिटांनी ती पाण्याची चव घेते
आणि आम्हां दोघींना सांगते, एकदमच,
कुणाला आधी नाही, कुणाला मागाहून नाही.
दोन विद्यापीठांत एवढा समजूतदारपणा
फक्त काठीलाच जमतो.

अवसेच्या रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी
आलेख ताडकन उभा राहिला.
समासात शोशाम्माची टीप: कुणी सोडलं पाणी?

सकाळी स्कूटर काढली.
इनास रिबेल मानशीवर बसून जाळं सांधत होता.
मानस कोणें उगडली?
"हांवें न्हय, बाये. उदकान."
मग सुतळी दातांत धरून बाकीचं:
फळ्या कुजल्यात, उधाण होतं,
कुळांच्या संघाला तीनदा सांगितलं.

मी ते जसंच्या तसं फाइलमध्ये टाकलं.
यंत्रानं श्वासही न घेता भाषांतर केलं:
मन मी उघडलं नाही, ताई. पाण्यानं उघडलं.
मनाच्या फळ्या कुजल्या आहेत.

हिरवा कर्सर बराच वेळ
जागच्या जागी लुकलुकत राहिला.
मग अक्षरं आली, एकेक:
आमच्या भाषेतही मनस्स् म्हणजे मनच.
पण हे दार असणार.
आमच्याकडे तूंबू म्हणतात.
तेही कुजतात.

शोधनिबंध पाठवायच्या दिवशी
लेखकांच्या यादीत तिसरं नाव होतं.
मी घातलेलं नव्हतं.
पोर्टल अडून बसलं. ई-मेल अनिवार्य.
केला एक, त्याच्या पुतणीच्या फोनवरून.
संस्था अनिवार्य.
योगदान निवडा: संकल्पना, विदा, विश्लेषण, निधी.
फळ्या असा पर्याय नव्हता,
रात्री उठून कंदील घेऊन जाणं, असाही नव्हता.

इनासला विचारायला गेले.
पैसे मिळतात?
नाही.
फळ्या?
नाही, इनासबाब.
तो हसला नाही, रागावलाही नाही,
म्हणाला, घाल मग. पण नाव इगर्जेच्या वहीत आहे तसं घाल,
मतदार यादीत चुकलंय.

शोशाम्माला पहिल्यांदाच साधा फोन लावला.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी.
तिचा आवाज इतका जाड असेल असं वाटलं नव्हतं.
संस्थेच्या रकान्यात काय लिहायचं यावर
आम्ही अकरा मिनिटं बोललो
आणि पोर्टलनं आम्हांला बाहेर काढलं.

काल रात्री पाऊण वाजता
आलेख पुन्हा उठला.
फाइलमध्ये दोन्ही कर्सर जागे होते,
हिरवा तिथे, जांभळा इथे,
दोन विद्यापीठं, एक करार, कुलसचिवांचे चार शिक्के,
आणि दोघींपैकी एकीलाही
सुतारकाम येत नाही.