चुकचुक

तिसऱ्या मजल्यावर बामुगड्यांकडे
चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी रात्री अडीचला पेटली,
आणि घरात पहिलं जागं झालं ते तान्हं बाळ.
त्याला भूक लागली होती, एवढंच.
धूर कुणाला उठवत नाही.
उलट अंगावरचं पांघरूण नीट करतो.

दुसऱ्या दिवशी जिन्याच्या काळ्या भिंतीवर
कुणीतरी बोटाने तारीख लिहिलेली.
मी कठड्याला धरून वर आले, हात धुतले
आणि अलार्म मागवला. पांढरा, बशीएवढा.

माहितीपत्रक म्हणतं, छताच्या मध्यावर लावा.
मध्यावर आमचा पंखा.
पंख्यापासून लांब. कोपऱ्यात नको, कोपऱ्यात हवा मरते.
स्वयंपाकघरापासून दहा फूट दूर.
कन्नमवार नगरात, आमच्या जुन्या इमारतीत,
शेगडीपासून दहा फूट दूर म्हणजे
भिंतीपलीकडे वायंगणकरांचा देव्हारा.
आणि वायंगणकरांशी दोन वर्षं बोलणं बंद,
मोरीच्या गळतीवरून.
गळती तेव्हाच थांबली. अबोला अजून झिरपतोय.

जोएल इलेक्ट्रिशियन स्टुलावर चढून
टेपने आमचं घर दोनदा मोजत राहिला,
जणू दुसऱ्यांदा जास्त भरेल.
“इथेच होईल ताई. पलंगाच्या वर,
त्यांच्या भिंतीपासून दोन वीत सोडून.”
ड्रिलची भुकटी मच्छरदाणीवर पडली.
आई म्हणाली, आता हे कोण आणून बसवलंस डोक्यावर?

पहिल्या आठवड्यात तो सुक्या बोंबलावर ओरडला,
शनिवारच्या धुपावर,
मिरचीच्या फोडणीवर.
आईने टॉवेलने त्याला वारा घातला,
तापातल्या पोराला घालावा तसा.
चौथ्यांदा मात्र बॅटरी काढली
आणि मसाल्याच्या डब्यात ठेवून दिली, लवंगांशेजारी.
त्यावरून आम्ही भांडलो.
खिडकी उघडून, आतलं दार ओढून
बोंबील भाजायचे, असं ठरलं.
बॅटरीला अजून लवंगेचा वास होता.

एक तारखेला जळमटांच्या काठीने बटण दाबायचं.
कोरड्या ब्रशने जाळी झाडायची.
दिवाळीत रंगाऱ्याला तीनदा सांगायचं,
भाऊ, त्याच्यावर रंग मारू नका.
दहा वर्षांनी अख्खाच बदलायचा.
कोण बदलणार गं, आईने विचारलं.
जोएल, मी म्हटलं.

एक गोष्ट मात्र मी कुणापाशी बोलले नव्हते.
मी रात्रपाळीला, लॅबमध्ये, लोकांच्या रक्ताच्या नळ्या फिरवत.
आणि आई कानातलं यंत्र काढून
वाटीत ठेवून झोपते.
खोक्यावर छापलंय, पंच्याऐंशी डेसिबल.
त्यातलं एकही वाटीपर्यंत पोचत नाही.

वर्ष भरायच्या आत, मार्गशीर्षातल्या एका रात्री
त्याची बॅटरी उतरू लागली.
उतरली की तो मिनिटाला एकदा
चुक् करतो, पालीसारखा.
आई गाढ झोपेत.
पलीकडे वायंगणकर बाई उठून बसल्या.
देव्हाऱ्यामागे त्यांनी पाल शोधली म्हणे,
जमिनीला बोटं टेकवून कृष्ण कृष्ण म्हणाल्या,
तासाभराने मनात आलं,
पाल इतकी वक्तशीर नसते.

सकाळी सातला मी आले तर
आमच्या कडीला रबरबँडने बांधलेली
नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी.
चिठ्ठी नाही.

चपला न काढता स्टूल ओढलं.
बॅटरी बसवली, बटण दाबलं,
तो किंचाळला,
आणि भिंतीवर पलीकडून
दोनदा टकटक झाली.

दुपारी खिळ्यावरची दुसरी किल्ली काढली.
सेफ्टी पिनला लावली, पुन्हा सोडवली.
कुठून सुरुवात करायची,
गळतीपासून की गळती वगळून?
शेवटी बोंबलांचं पुडकं बरोबर घेतलं.

त्यांनी दार अर्धंच उघडलं.
किल्लीकडे पाहिलं, पुडक्याकडे पाहिलं.
म्हणाल्या,
झोपली का तुमची पाल?