तिसरा स्क्रू

जुईनगरला, सेक्टर तेवीसमध्ये,
पाण्याच्या टँकरने जाता जाता घेतला तो.
आवाजही फार झाला नाही म्हणे,
स्टीलचा पेला ओट्यावरून पडावा, एवढाच.
मी तेव्हा तिसऱ्या मजल्यावर
धारपांच्या दंडाला पट्टा आवळत होते.

खाली आले तर आरसा दोन केबलींवर लोंबकळतोय,
दुधाचा दात लोंबावा तसा.
अठरा वर्षांची सँट्रो.
डावा आरसा तिला कंपनीनेच दिला नव्हता,
त्यामुळे गेला तो एकुलता एक.

चार दिवस मान वळवून चालवली.
मान वळवून, काच खाली करून, कानांनी.
मागच्या सीटवर बर्फाच्या डब्यात
अकरा जणांचं रक्त, नावं चिकटवलेलं,
आणि पामबीचवर उजवीकडून येणारा प्रत्येक जण
माझ्या अंदाजावर सोडलेला.

शोरूमवाला म्हणाला, तो पार्ट बंद झालाय.
म्हणताना त्याने आधी गाडीकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
मी केस रंगवणं सोडलंय दोन वर्षांपूर्वी.

तुर्भ्याला, ट्रकांच्या गॅरेजांमागे,
काशिनाथ मढवीच्या दुकानात
दोरीला आरसे टांगलेत, बोंबील वाळत घालावेत तसे.
एकात माझं नुसतं कोपर.
एकात समोरच्या चहावाल्याचं पातेलं, उतू चाललेलं,
आणि त्याला अजून पत्ता नाही.

'सँट्रोचा? हाय ना. पन लाल हाय.'
माझी चांदीच्या रंगाची.
आठशेवरून साडेपाचशेवर आला, वर म्हणाला,
'ताई, त्यात दिसंल ते काय लाल दिसनार हाय का?'
यावर मला काही सुचलं नाही.

त्याने दाराची आतली तिकोनी टोपी उचकटली.
एक स्क्रू दिसत होता. दुसरा अर्धामुर्धा.
तिसरा पत्र्याच्या पोटात कुठेतरी, गंजलेला.
मी मोबाइलचा उजेड धरला,
त्याने नको म्हणून मान हलवली.
बोट आत घातलं आणि तोंड फिरवलं,
समोरच्या भिंतीकडे बघत राहिला,
जिभेचं टोक दातांत.

ते तोंड माझ्या ओळखीचं.
माझंच ते, रोज सकाळी साडेसहाचं.
नेरूळच्या सबनीसबाई, वय एक्याण्णव,
हातावर शीर म्हणून काही दिसतच नाही,
दोन पोरं टोचून टोचून परत गेलेली.
मी डोळे त्यांच्या कॅलेंडरवर ठेवते,
दुधाच्या खाड्यांवर, गॅसच्या तारखेवर,
आणि बोटाला विचारते.
कातडीखाली एक जागा जराशी दबते,
परत वर येते.
तिथे.

'गावला,' मढवी म्हणाला.
'हो,' मी म्हणाले,
जसं काही मलाच विचारलं होतं.

पैसे दिले, आत बसले, आरशात पाहिलं,
तर नुसतं आभाळ
आणि कुठल्याशा टॉवरची पाण्याची टाकी.
म्हणजे कुणी उंच माणूस चालवत असणार ती लाल गाडी.
सहा फूट तरी.
त्याला इथे रस्ता दिसत असेल.
गाडी भंगारात गेली, तो कुठे गेला कोण जाणे,
त्याच्या बसण्याची उंची तेवढी
साडेपाचशेत मला आली.

दांडी धरून मी ती उतरवत नेली.
टाकी गेली, ग्रिलमधल्या कुंड्या आल्या,
मग केबलवाल्यांचं जाळं,
मग दोरीवरचे आरसे,
मग मढवी, बोटाला लागलेला गंज चड्डीला पुसत,
माझा जुना गोणीत टाकत.

उद्या पुन्हा सबनीसबाई.
उपाशीपोटी, पदर सावरून,
सहापासून दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या असतील.

रिव्हर्स टाकला.
त्याने मागच्या पत्र्यावर थाप मारली, 'येऊ द्या, येऊ द्या.'
आरशात तो दिसत होता,
डोक्यापासून चपलांपर्यंत.
मी तरी मान वळवलीच.