शेरा

फोटोच्या पाठीवर जांभळा शिक्का,
गावाचं नाव नेमकं कसरीनं खाल्लेलं.
पुढून वडिलांचे मामा. ढगळ खाकी,
बूट दुसऱ्याच कुणाच्या पायांचे.

सहा पत्रं, दोन मनिऑर्डरी, सात महिने,
मग आली एका पानाची झेरॉक्स:
ईरय्या राजय्या कोडम. सोलापूर. धंदा विणकर.
उंची पाच फूट तीन.
डाव्या अंगठ्यावर धोट्याचा व्रण.
काम, तोफेला गोळे पुरवणे.
पेन्शनच्या रकान्यात आडवी रेघ
आणि तळाशी, वेगळ्या शाईत:
दोन्ही कान निकामी. घरी पाठवावे.

घरी म्हणजे साखर पेठेत,
आणि तिथून आठवड्याभरात मिलमध्ये,
जिथं चारशे माग एकदम बोलतात
आणि माणसं एकमेकांचे ओठ वाचतात.
बत्तीस वर्षं खपून गेलं.

आम्ही म्हणायचो, मामा तुसडे आहेत,
हाक मारली तरी वळत नाहीत.
एकदा चार आण्यांच्या पैजेवर
मी त्यांच्या पाठीमागं उभं राहून
तेलुगूत घाण शिवी दिली होती.
जिंकलो होतो.

फोटो तांब्याला टेकवून उभा केलाय.
समोर बसलोय, उजेडात तोंड करून.
नाव घेतो. सावकाश.
ओठ नीट हलवत.