खिळे

उलटं वाचायची सवय लागली की
सुलट जगाची जराशी भोवळ येते.
अँटवर्पच्या या गल्लीत मी शिशाचे खिळे जुळवते,
योस गेल्यापासून एकटीच.
शाईचे गोळे मुतात भिजवते, म्हणजे कातडं मऊ राहतं.
देवाचा शब्द या वासातून बाहेर पडतो
हे कुठल्याच प्रवचनात कुणी सांगत नाही.

माळ्यावर एक माणूस लपला आहे.
नाव विचारलेलं नाही. मेणबत्त्या फार जाळतो.
काल त्याने कागद खाली सोडला, एका शब्दाभोवती वर्तुळ.
आजवर जिथे होतं ‘प्रायश्चित्त करा’
तिथे त्याने लिहिलंय ‘पश्चात्ताप करा’.
“मूळ ग्रीकमध्ये,” तो जिन्यावरून कुजबुजला,
“उपास नाही, अनवाणी चालणं नाही, दंड नाही.
नुसतं मन वळणं.”

नुसतं.

माझी आई चाळीस शुक्रवार अनवाणी चालली,
नदीपलीकडच्या चॅपेलपर्यंत, गोठलेल्या चिखलातून.
माझ्या पाठचा भाऊ बाप्तिस्म्याआधीच गेला होता;
ती त्याच्या धर्मपित्याच्या गलबताची वाट बघत राहिली,
आणि पाद्रीबाबा म्हणाले, चूक तुझी.
एकोणचाळिसाव्या शुक्रवारी घरी आली ती हसत.
मी सात वर्षांची. तिच्या टाचा फुटलेल्या
आणि तोंडावर ऊन.
दोन्ही एकाच बाईचं कसं, मला कळेना.

रविवारी माझा भाऊ येतो, गोडेव्हार्त,
तोही आता पाद्री. माझ्या हातचा वाम मासा आवडीने खातो.
मी सहज विचारल्यासारखं विचारते, तो काटे काढत सांगतो:
“पुस्तक काय आभाळातून पडलं?
कुठलं पत्र आत, कुठलं बाहेर, कुणी ठरवलं?
विहीर आम्ही खणली, लायस्बेत.”
मी सूप घेऊन वर जाते.
“खणणाऱ्याने पाणी घडवलं नाही,” माळा म्हणतो.
रिकामा वाडगा घेऊन खाली येते.
“आणि जो तो आपापली बादली सोडायला लागला तर?”
वर जाते.
“दोर तुमच्याच हातात का?”
जिन्याला सतरा पायऱ्या.
दोन्ही पक्षांना गुडघे माझेच.

निघताना गोडेव्हार्तने हात पुसले,
ताटाशेजारचे दोन वाडगे पाहिले,
आपण दोघंच जेवलो होतो, आणि सूप त्याने घेतलंच नव्हतं.
“तू चुकते आहेस,” म्हणाला. “माझं मत बदललेलं नाही.”
मग टोपी घालता घालता:
“मंगळवारी या गल्लीत झडती आहे. माळा झाडून घे.”

रात्री आई चुलीपाशी. आता तिला दिसत नाही.
“काय जुळवतेस?”
सांगितलं. दोन्ही शब्द सांगितले.
बराच वेळ लाकूड तेवढं बोलत होतं.
“म्हणजे माझे शुक्रवार त्यात नाहीत?”
मला ग्रीक येत नाही, लॅटिनही येत नाही.
ती आपणच म्हणाली,
“मन तर पहिल्याच दिवशी वळलं होतं गं.
पायांना ते कळायला वेळ लागला.”

मी त्याचा शब्द लावला.
त्यानेच बरोबर वाचलं असेल, मी ओळ जुळवणारी.
पण नवा शब्द आमच्या बोलीत आखूड निघाला,
ओळ सैल पडली, चौकटीत हलायला लागली.
मग कोरे खिळे भरले, शाईपेक्षा खाली राहणारे,
कागदावर कधीच न उमटणारे.
ते नसतील तर सगळं पान हातात सांडतं.

मंगळवारी पहाटे हेरिंगच्या पिंपांतून कागद गेले,
तिसऱ्या पिंपाआड तोही.
दार वाजलं तेव्हा माळा झाडलेला होता,
आणि आई खुर्चीत, खाली पडलेला एक कोरा खिळा
अंगठ्याने चाचपत बसलेली.
“यावर काय आहे?”
“काही नाही, आई. दे इकडे.”
“मग एवढा जड कसा?”