माया

मेदेयीनच्या चढावर, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर
माझं मशीन आहे.
मी फाहा शिवते.
ऑपरेशननंतर सहा आठवडे
बाईला काखेपासून गुडघ्यापर्यंत आवळून धरणारं कापड.
पुढे हुकांच्या तीन रांगा. हूक बहीण लावते,
तिची नजर अजून शाबूत आहे.

माप द्यायला बाई येते,
माप सांगतो तो.
दारात उभा, काखेत हेल्मेट,
हवेत दोन हातांनी आकार काढतो.
इतक्या वर्षांत इतके आले,
आकार तोच.
कुणाचे हात वळणावर अडखळले नाहीत.

माझा उबाल्दो बसथांब्यावर बायका मोजायचा.
ही सहा. ही साडेसात. हिचं मागून आठ, पुढून देव बघून घेईल.
मला किती, ते मी विचारलं नाही.
चौतीस वर्षं.
तो गेला तेव्हा पेटीसाठी माप मीच दिलं,
चार सेंटिमीटर वाढवून सांगितलं,
पाय दुमडायला लागू नयेत म्हणून.

परवा एव्हेलिओ आला, ट्रकचे टायर विकतो तो.
"सध्या अशी आहे," म्हणाला,
"मार्चपर्यंत अशी होईल,"
आणि हात जवळ आणले,
अरुंद जागेत गाडी लावताना मागून खुणा करतात तसे.
बायको खुर्चीत. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.
"वाढदिवसाची भेट. हप्त्यांवर."
मी विचारलं, कुणाचा वाढदिवस?
तो हसला.
तीही हसली, जरा उशिरा.

पडद्याआड मी टेप लावली.
पोटावर दोन बाळंतपणांच्या चंदेरी रेघा,
कोयंड्यात अडकून ओढ बसलेल्या रेशमासारख्या.
टेप गार होती, ती शहारली.
मग हळूच म्हणाली,
"तुम्ही असं बघू नका माझ्याकडे.
मलापण हवंय. खरंच हवंय."
मी म्हटलं, श्वास सोड.
हवंसं वाटणं कुठून सुरू झालं
ते टेपवर येत नाही,
आणि महिन्याचं भाडं
मला याच टेपवर सुटतं.

आईने शिवण शिकवली तेव्हा पहिला नियम हाच होता:
प्रत्येक शिवणीत दोन बोटं माया ठेव.
अंग म्हणजे काही टेबल नव्हे.
ते भरेल, उतरेल, त्यात कुणी राहून जाईल,
दुःखाने सुकेल, दिवाळखोर दिवसांत
भातावर सुजेल.
कापडाला आतून तयारी हवी.

फाह्यात माया ठेवत नाहीत.
एक दोरासुद्धा नाही.
ठेवली तर डॉक्टर परत पाठवतात,
चिठ्ठीत लिहून: सैल.

मी पावती फाडत होते
तेवढ्यात एव्हेलिओ पैसे काढायला वाकला
आणि शर्टाचं बटण उडालं,
टणकन् जाऊन मशीनच्या पायडलवर.
"हे तेवढं लावून टाका, दोन्या नोएमी,
धुण्यात आटतात हल्ली शर्ट."
मी म्हटलं, काढा.
तो बनियनवर बसला, पोट मांडीवर ठेवून,
निवांत, कुणाच्या तरी घरी आल्यासारखा,
फोनवर कुणाला तरी टायरचा भाव सांगत.

शर्ट उलटा केला.
दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया.
कुण्या शिंप्याने ठेवलेली,
त्याने न मागता.

उसवली.
नवी टीप घातली, बटण लावलं.
शर्ट त्याच्याएवढा झाला.
त्याने तो चढवला, आरशाकडे पाहिलंही नाही,
हेल्मेट उचलून जिना उतरायला लागला.

ती पडद्याशी उभी होती,
ब्लाउजची शेवटची गुंडी लावायची राहिलेली.
माझ्या हातातले उसवलेले दोरे बघत म्हणाली,
"एवढं कापड आतच होतं?"