पिवळी वायर

रेणावीच्या यात्रेला जालिंदर आला कोइमतूरहून,
आणि तिसऱ्या दिवशी विट्यातल्या माझ्या दुकानात,
काखेत खोका, सुतळीनं आवळलेला.
सुतळी मीच बांधली होती अठ्ठ्याण्णव साली.
गाठ ओळखली.

आत तीच सोळा बिटवाली पेटी, एक बटण बसकं.
कॅसेटवर छापलेलं : चारशे गेम.
होते सातच. बाकीचे तेच सात,
नावं बदलून परत परत.

"पोराला दाखवायचंय," म्हणाला,
"पण नव्या टीव्हीवर सगळं
फाटलेल्या दुधागत दिसतंय."

मायणी रोडला त्याचा बंगला, गेटावर दोन सिंह.
आत पंचावन्न इंची टीव्ही,
वर्षातले अकरा महिने चादरीखाली.
पडद्यावर आमचा गडी आडवा सुजलेला,
कडा कुरतडलेल्या,
विजारीचा तांबडा रंग विजारीबाहेर सांडलेला.
बटण दाबलं की तो आधी विचार करायचा
मग उडायचा.
तोवर खड्डा आलेला.
"पप्पा, हा मरतोयच की," पोरगं म्हणालं,
तमिळ हेल काढत.

कामाला लागलो.
चित्र परत चौकोनी केलं, दोन्हीकडं काळ्या पट्ट्या सोडून.
जालिंदर कुरकुरला : पैसे अख्ख्या पडद्याचे दिलेत.
शार्पनेस शून्यावर आणला.
टीव्हीची हुशारी बंद केली,
रंग चढवणारी, हालचालीला इस्त्री करणारी,
लग्नात पुढं पुढं करणाऱ्या मामांना बसवतात तशी
एकेकीला खाली बसवली.
मग गेम मोड.
गडी वेळेत उडाला.
पोरानं पहिल्यांदा सोफ्यावर पाय वर घेतले.

इथं थांबायला हवं होतं.
पण मला चेव आला.
पुण्याहून डबी मागवली साडेचार हजारांची,
पेटी उघडून थेट चिपवरून तारा काढल्या,
तांबडी वेगळी, हिरवी वेगळी, निळी वेगळी.
रात्री दोनला चित्र असं लागलं
की ठिपका न् ठिपका मोजून घ्यावा.

आणि धबधबा गेला.

तिसऱ्या पातळीला जंगलात एक धबधबा होता.
आमच्याकडं तेव्हा टँकर यायचा आठ दिवसांनी.
आम्ही दोघं तिथवर पोचायचो
आणि खेळायचं थांबायचो.
गडी काठावर उभा, घड्याळ संपेपर्यंत.
पाण्याआडून पलीकडचा खडक दिसायचा, ओला.

आता तिथं
निळी रेघ, मोकळी रेघ,
निळी रेघ, मोकळी रेघ,
खिडकीला गज असतात तशी.

जालिंदरनं जवळ जाऊन काचेला बोट लावलं.
"हे असंच होतं?"
असंच होतं.
काढणाऱ्यानं गजच काढले होते.
पाणी केलं ते एका वायरीनं,
सगळे रंग तिच्यात कोंबलेले, एकमेकांना लागलेले,
आणि तुझ्या आत्याच्या त्या लाकडी शटरच्या टीव्हीनं,
ज्याला काही नीट दिसायचं नाही.

जालिंदर गलाईवाला. पंचवीस वर्षं तेजाबाच्या धुरात
दुसऱ्यांच्या सोन्यातली घाण काढत आलेला.
बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला,
"तू शंभर नंबरी केलंस.
त्याची अंगठी होत नाही गड्या, बोटात वाकती.
थोडं तांबं घाल."

पिवळी वायर खोक्याच्या तळाशी होती,
टोकाला हिरवट बुरशी. शर्टाला पुसली.
ती डबीला जोडली, डबीतूनच आडव्या काळ्या रेघा पेरल्या,
बारीक, पाभरीच्या तासांसारख्या.
कडा मऊ झाल्या. तांबडा किंचित सांडला.
गज एकमेकांत विरघळले, सगळे नाही,
डावीकडचे दोन अजून दिसतात,
मला दिसतात.

सकाळी पोरगं खेळायला बसलं.
आम्ही चहाचे कप घेऊन मागं.
धबधबा आला.
ते न थांबता सरळ पाण्यातून पलीकडं गेलं.

"अरे, थांब," दोघंही एकदम म्हणालो.

पलीकडं चौथी पातळी होती.
बर्फ, काळं आभाळ, कुठलंसं वाजंत्री.
आम्ही ती कधी पाहिलीच नव्हती.